गाडी कुठं लावलीस?

(दृश्य: भिडे पुलाजवळचं नदीपात्र. संध्याकाळचे सहा. दुचाकींच्या रांगा, दुरून ढोलाचा आवाज.)

भाद्रपदात दोन पुणेकर पेठेत भेटले, की आधी विचारतात, "गाडी कुठं लावलीस?" देखावे कुठले पाहिलेस, हे नंतर. आणि समोरचा खरी जागा सांगेलच असं नाही. "आहे, तिकडं एके ठिकाणी," एवढ्यावर भागवतो. पुणेकर हातातला मोदक अर्धा तोडून देईल, पण पार्किंगची जागा वाटणार नाही.

ही जागा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. मुठेचं पात्र. फक्कीच्या रेघा, शिट्टी तोंडात धरलेला एक पोरगा आणि त्याचा एकच आग्रह, की गाडी मेन स्टँडला लावा. साइड स्टँडला लावली, तर तिरकी उभी राहते, दोन गाड्यांची जागा खाते. काकांना मेन स्टँड झेपत नाही, म्हणून तोच येतो, पायानं स्टँड दाबतो, गाडी मागं ओढतो. खट्! पुढची गाडी.

इथं एकच पंचाईत. गणपती येतात ते पावसाळ्यात. वर खडकवासला भरलेलं असतं, आणि धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बघता बघता दिसेनासा होतो. मग पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरते, पात्रातली वाहनं काढा. गाडीचा मालक त्या वेळी असतो दगडूशेठच्या समोर, खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत. तिथून त्याला भोंगा ऐकू येत नाही. बायकोचा फोनही ऐकू येत नाही.

(दृश्य: सदाशिव पेठेतली गल्ली. वाड्याचा दरवाजा, त्याला टेकवलेल्या तीन स्कूटर.)

पेठा वसल्या तेव्हा रस्त्यांचं माप माणसाचं, घोड्याचं आणि पालखीचं होतं. पागा वाड्याच्या आत असायची. वाडे पाडून इमारती झाल्या, गल्ली होती तेवढीच राहिली. म्हणून इथं कोपऱ्याकोपऱ्यावर पी वन, पी टू अशा पाट्या. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या. कॅलेंडरकडं रोज बघणारा माणूस पुण्यात पंचांगवाला तरी असतो, नाहीतर पेठेत गाडी लावणारा. तारीख चुकली की टेम्पो येतो. चार पोरं उडी मारून उतरतात, हँडल लॉक असलेली गाडी अलगद उचलून वर ठेवतात. दुकानातून मालक एका पायात चप्पल घालून धावत सुटतो, तोवर टेम्पो पुढच्या चौकात गेलेला असतो.

गणपतीचे दहा दिवस हे सगळं कॅलेंडर गुंडाळून ठेवतात. संध्याकाळ झाली की शिवाजी रस्ता बंद होतो. गर्दी वाढली की लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, टिळक रस्ता. ठरलेल्या वेळाही असतात, पण खरा निर्णय गर्दीच घेते. पोलीस दरवर्षी वाहनतळांची यादी काढतात. रमणबाग, स. प. महाविद्यालयाचं मैदान, हमालवाडा, पेशवे पार्क, काँग्रेस भवन, फर्ग्युसन कॉलेज. ज्या मैदानावर सकाळी पोरं कवायत करतात, तिथं रात्री अॅक्टिव्हांची कवायत.

विसर्जनाच्या दिवशी तर अख्खा मध्यभाग वर्तुळात बांधला जातो. त्या वर्तुळाला पोलीस रिंगरोड म्हणतात. नळस्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, संचेती चौक, मालधक्का, सेव्हन लव्हज, मार्केटयार्ड, मित्रमंडळ, दांडेकर पूल, म्हात्रे पूल, पुन्हा नळस्टॉप. गाडी ह्या कड्याच्या बाहेर. आत आपले पाय. कोथरूडहून हडपसरला जायचं असेल तर ह्याच कड्यावरून फिरा, आणि वाटेत तीन वेळा स्वतःला विचारा, की आजच जायलाच हवं होतं का.

(दृश्य: मंडई मेट्रो स्थानक. सरकता जिना, त्यावर टोप्या, गजरे, खांद्यावरची मुलं.)

आता मेट्रोबद्दल. २०२४ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला झाली. बाप्पा गेले, मांडव उतरले, आणि त्यानंतर बाराव्या दिवशी, २९ सप्टेंबरला, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला. कसबा आणि मंडई ही स्थानकं त्याच मार्गावर! गणपती गेल्यावर मोदकांची ऑर्डर पोचावी, तसं.

त्याची भरपाई २०२५ मध्ये झाली. पिंपरीचा माणूस गाडीत बसला आणि जमिनीखालून थेट मंडईत उगवला. विसर्जनाला मेट्रो सलग ४१ तास चालली. मंडईच्या स्थानकात जिन्याच्या तोंडाशी जी दाटी झाली, ती बघून एक आजी म्हणाल्या, "वरची गर्दी परवडली, निदान वारा तरी लागतो." मी स्वतः कसब्याला उतरतो. मानाच्या पहिल्या गणपतीपासून सुरुवात करायची, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग असं करत चालत यायचं, केसरीवाड्याला जाऊन लकडी पुलावरून डेक्कन गाठायचं आणि तिथं परतीची मेट्रो धरायची. ज्या स्थानकात सगळे चढतात तिथं आपण चढायचं नाही, एवढं पथ्य.

लकडी पुलाचं निघालं म्हणून सांगतो. आता त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. २०२१ मध्ये ते काम अडलं होतं, मिरवणुकीतल्या रथांच्या उंचीवरून. मंडळांचं म्हणणं, मेट्रोच्या पुलाखालून आमचे रथ जाणार कसे? सगळ्या जगात मेट्रोखालून बस जाते का, ट्रक जातो का, हे बघतात. पुण्यात कळस जातो का, हे बघावं लागलं.

(दृश्य: टिळक रस्ता, रात्र. बांबूचे कठडे.)

आता माझी स्वतःची फजिती, कारण मी काही शहाणा नाही. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दिवशी दुपारी टिळक रस्त्याच्या एका बोळाच्या तोंडाशी गाडी लावली. सावली होती, पाटी नव्हती, मी खूश. रात्री दीड वाजता परत आलो, तर बोळाच्या तोंडाला आडवे बांबू सुतळीनं घट्ट बांधलेले. बांबूंच्या पलीकडं माझी गाडी, अलीकडं एकामागं एक थांबलेली मंडळं. स्पीकरच्या भिंतीसमोर माझी किल्ली हातात थरथरत होती, भीतीनं नव्हे, आवाजानं. बांबूजवळचा कार्यकर्ता अगदी प्रेमानं म्हणाला, "दादा, उद्या या." बिबवेवाडीपर्यंत चालत गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मिळाली, जशीच्या तशी, फक्त गुलाबी. पुढचे आठ दिवस किल्ली फिरवली की कुलपातून चिमूटभर गुलाल सांडायचा.

(दृश्य: पहाट. वाड्याच्या पायरीवर दुधाच्या पिशव्या घेऊन बसलेल्या काकू.)

पेठेत राहणाऱ्यांचं गणित आपल्याहून अवघड. आपण येतो आणि जातो, ते आतच असतात. ह्या काकूंच्या घरची पद्धत ठरलेली आहे. चतुर्दशीच्या आदल्या रात्री मुलाची मोटारसायकल नणंदेकडं कर्वेनगरला जाते आणि तिथंच राहते. दूध दोन दिवसांचं. गॅसची टाकी आधीच भरलेली. मुलगा कामावर निघतो तो चालत, पूल ओलांडून, पलीकडून रिक्षा धरून. काकू तक्रार करतात का? करतात की. ढोल सुरू झाला की तक्रार अर्धी टाकून गच्चीत पळतात.

आणि अॅम्ब्युलन्स आली तर? हे लक्ष्मी रस्त्यावर एकदा डोळ्यांनी बघावं. आधी सायरन ऐकू येत नाही, लांबवर फक्त निळा दिवा दिसतो. मग पथकातलं कुणीतरी हात वर करतं. टिपरू थांबतं. ताशा थांबतो. पोरं हातात हात घालून साखळी करतात, माणसं दोन्ही फुटपाथकडं सरकतात, आणि सुई जायला जागा नव्हती तिथून आख्खी गाडी निघून जाते. तिच्यामागं वाट लगेच मिटते. एका मोटारसायकलवाल्यानं त्या वाटेतून मागोमाग घुसायचा प्रयत्न केला. त्याला लोकांनी जे ऐकवलं ते ह्या निवेदनात घेता येत नाही.

११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा करते. खुर्च्या, कुंड्या, पोरांचे खेळ. छान असतं. पण त्या दिवशीही पलीकडच्या गल्लीत दुचाकी घेऊन "फक्त दोन मिनिटं" म्हणणारा दिसतोच. तोच माणूस गणपतीत मंडईपासून अलका चौकापर्यंत तीनदा ये-जा करतो, पायाला फोड आला तरी कुरकुरत नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

(दृश्य: ७ सप्टेंबर २०२५. मिरवणूक संपल्यानंतरचा अलका चौक. झाडू, पाण्याचा टँकर, चपलांचा ढीग.)

तीस तासांच्या वर चाललेली मिरवणूक संपली आहे. कठडे ट्रकमध्ये चढतायत. जोड नसलेल्या चपला झाडूनं एका बाजूला लोटल्या जातायत. बंद रस्त्याच्या तोंडाशी एक बस येऊन थांबते, पोलीस हात हलवतो, बस आत शिरते. तिच्यामागून पहिला हॉर्न.

नारायण पेठेत एक गृहस्थ स्कूटर घेऊन आलेत. खिशातल्या रुमालानं सीटवरचा गुलाल झटकतात, गाडी स्टँडला लावतात. चार पावलं जातात, थांबतात. वर पाटीकडं बघतात.

"आज सात ना?" पानवाल्याला विचारतात.

"सातच."

गृहस्थ मागं फिरतात, गाडी स्टँडवरून काढतात आणि ढकलत पलीकडच्या बाजूला नेतात.