रात्रपाळी, गोडाऊन आणि इनवर्डची खुर्ची

नमस्कार मंडळी. आत्ता जे नाईटला निघायच्या तयारीत असतील, डबा भरून झालाय, बूट शोधताय, त्यांच्यासाठी खास बोलतोय, बाकीच्यांनीही ऐका, हरकत नाही.

मी मूळचा परभणीचा, सध्या मुक्काम कोनगाव आणि काम भिवंडीत मानकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये. इकडे एवढी गोडाऊनं का, तर पूर्वी मुंबईत माल शिरला की जकात लागायची, मग लोक माल हद्दीबाहेर भिवंडीत उतरवून ठेवायचे आणि लागेल तसा आत न्यायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, वाटलं असेल कोणाला की आता ही गोडाऊनं ओस पडणार, पण झालं उलटंच. प्रत्येक राज्यात वेगळं गोडाऊन ठेवायची गरज उरली नाही म्हणून कंपन्यांनी मोठमोठी गोडाऊनं घेतली, त्यात ऑनलाइन खरेदी वाढली, आणि आमच्यासारख्यांना काम मिळालं.

मी पिकर आहे. हातात स्कॅनर, तो सांगेल त्या रॅकला जायचं, बिन म्हणजे रॅकमधला कप्पा स्कॅन करायचा, माल उचलायचा, ट्रॉलीत टाकायचा. चुकीच्या बिनला लावला की असा किरकिरतो की पलीकडच्या लाईनचे पण बघतात. चालणं भयंकर होतं, सेफ्टी शूज एक नंबर मोठेच घ्या बरं का, पहाटेपर्यंत पाय सुजतात.

रात्री जागणं जमतं हो, तीन ते पाचच्या मधे डोळे मिटतात तेवढं सोडलं तर. खरी मारामारी दिवसा झोपायची. वर पत्रा, शेजारी टीव्ही, त्यात गावाकडून फोन, "झोपला होतास का रे?" आता काय सांगायचं आईला. मी दोन गोष्टी केल्या, तीननंतरचा चहा बंद आणि खिडकीला जाड चादर. फरक पडला.

आता पुढचं. कायम पिकर राहायचं नाहीये मला. सगळे फोर्कलिफ्टच्या मागे असतात, ट्रेनिंग घ्या, सर्टिफिकेट घ्या, चांगलंच आहे, पण माझा डोळा इनवर्डवर, म्हणजे आलेला माल मोजून आत घ्यायच्या कामावर आहे. आमच्याकडे इनवर्डला एक काका आहेत. परवा ट्रक लागला, बिलावर चाळीस बॉक्स, उतरले अडतीस. ड्रायव्हर म्हणतो काका सही द्या ना, पुढे नाशिकला जायचंय, लेट होतंय. काकांनी शांतपणे परत मोजायला लावले, मग बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या कॉपीवर स्वतःच्या अक्षरात "2 बॉक्स शॉर्ट" लिहिलं, ड्रायव्हरची सही घेतली, फोटो काढला आणि मगच गाडी सोडली. ती सही न घेता गाडी गेली असती तर ते दोन बॉक्स गोडाऊनच्या नावावर लागले असते, म्हणजे शेवटी कोणाच्या डोक्यावर ते तुम्हाला माहितीये. मला हे काम शिकायचंय. म्हणून माझं पिकिंग संपलं की मी डॉकवर, जिथे ट्रक लागतात तिथे जाऊन उभा राहतो, टीएल, म्हणजे आमचा टीम लीडर, सुरुवातीला ओरडला, आता तोच मोजायला बोलावतो.

कॉन्ट्रॅक्टरकडे लागलेल्यांना एक सांगतो, पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो तो खरंच भरला का ते उमंग अ‍ॅपवर पासबुकात बघा. कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, तोच राहतो, नवीन काढू नका. आणि महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मागून घ्या, पाऊण टक्का तुमचाच कापतात त्यासाठी. मागायला लाजायचं कशाला?

दिवाळीच्या सेलला इनवर्डला माणसं कमी पडतात, मी नाव देऊन ठेवलंय. एक्सेल शिकतोय मोबाईलवर, बोटं जाड पडतात पण चाललंय.

आणि हो, कोनगावात पत्र्याची नाही अशी, स्लॅबची खोली कोणाकडे भाड्याने असेल तर इथे रेडिओ स्टेशनवर फोन करून कळवा, टीव्हीवाला शेजारी नको फक्त.