बंदिस्त सरोवरांचा खारेपणा

श्रोतेहो, नमस्कार.

नदीच्या पाण्याला आपण गोडे म्हणतो, तरी खडक झिजताना सुटलेले क्षार त्यात अल्प प्रमाणात विरघळलेले असतातच. ज्या सरोवरातून एखादी नदी पुढे वाहते, तेथून हे क्षार पाण्याबरोबर निघून जातात. ज्याला अशी वाट नाही, त्यातले पाणी मुख्यतः वाफ होऊनच बाहेर पडते, आणि क्षार मागेच राहतात. आफ्रिकेतील चाड सरोवर याला अपवाद आहे. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही, ऊनही कडक असते, तरीही त्याचे पाणी बरेचसे गोडे आहे. कारण काही पाणी जमिनीत झिरपते आणि क्षारही सोबत नेते.

बाष्पीभवनाने सरोवरात क्षारांची भर पडत नाही, ते फक्त पाणी कमी करते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आवक वाढली की सरोवर पसरते, पृष्ठभाग वाढल्याने वाफही अधिक होते, आणि आवक व बाष्पीभवन जेथे सारखे होतात तेथे पातळी स्थिरावते. आवक घटली, तर सरोवर आकसते आणि तेवढेच क्षार थोड्या पाण्यात दाटतात. इस्राएल आणि जॉर्डन यांच्यामधला मृत समुद्र हे असेच आकसत चाललेले सरोवर आहे. त्याच्या एक किलो पाण्यात आज सुमारे 340 ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे महासागराच्या जवळजवळ दहापट. इतक्या दाट पाण्यात सगळे मीठ विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे स्फटिक तळाशी साचतात. पाणी जितके खारट, तितकी त्याची वाफही सावकाश होते, पण एवढ्याने पातळी घसरणे थांबलेले नाही.

मध्य आशियातील अरल समुद्र या बंदिस्त सरोवराची कहाणी अधिक क्लेशदायक आहे. 1960च्या सुमारास त्याच्या एका लिटर पाण्यात जवळपास 10 ग्रॅम क्षार होते. ऊन पूर्वीचेच राहिले, परंतु अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले, आणि पुढे दक्षिण भागात हे प्रमाण 100 ग्रॅमच्याही वर गेले. मासे नाहीसे झाले आणि मच्छीमारांची गावे किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूर पडली. 2005 मध्ये उत्तर भागात कोक-अरल धरण पूर्ण झाले, सिर दर्याचे पाणी तेथे साठू लागले, खारेपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिण भागाला असे पाणी मिळाले नाही. त्याचे पूर्वेकडील पात्र 2014 मध्ये पूर्ण कोरडे पडले.