मशीन धुतलं म्हणजे कॅलिब्रेशन झालं असं नसते भाऊ

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न आला, "दादा, गाय तीच, ढेप (पेंड) तीच, मग फॅट रोज वेगळं काहून?" आज त्याच्यावरच बोलतो, म्हणजे दूध केंद्रावरच्या फॅट मोजायच्या मशीनवर अन् त्याच्या कॅलिब्रेशनवर. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनचा आकडा खऱ्या आकड्याशी ताडून जुळवणं.

मशीन कसं चालते ते बहुतेकांना माहीत आहे. दुधातून अल्ट्रासाउंड जाते, वेगवेगळ्या तापमानाला तिचा वेग किती, त्यावरून फॅट अन् एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघते. म्हणजे फॅट थेट मोजल्या जात नाही, हिशोबानं काढल्या जाते. तो हिशोब सरकला की पावतीवरचा फॅटचा आकडाही सरकला.

आता मुद्द्याचं. केंद्रावर विचारा, कॅलिब्रेशन केलं का? उत्तर येते, "रोज धुतो ना." अरे, धुणं म्हणजे सफाई. ती पायजेच, पण ते कॅलिब्रेशन नाही. दुसरे म्हणतात, डिस्टिल्ड वॉटर टाकून झिरो पाह्यलं. पाण्यावर झिरो आला म्हणून 3.5 फॅटच्या दुधावर 3.5 येईलच असं कोणी सांगितलं? रिकामा काटा शून्य दाखवते, पण त्याच्यावर 20 किलोचं वजन ठेवून पाहाल तेव्हाच काटा खरा का खोटा कळते ना!

दुधातलं ते वजन म्हणजे गर्बर टेस्ट, म्हणजे ॲसिडनं फॅट वेगळं करून थेट मोजायची पद्धत. ब्युटायरोमीटरमध्ये (फॅटच्या खुणा असलेली काचेची नळी) 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, वरून हळू 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, मग सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं, 65 डिग्रीच्या पाण्यात ठेवून रीडिंग. ॲसिड आहे, शिकलेल्या माणसानंच करायचं, घरी नको. तेच दूध त्याच वेळी मशीनमध्ये टाकायचं अन् दोन आकडे बाजूबाजूला लिहायचे. एका नमुन्यावर भागत नाही, कमी फॅटचं, जास्त फॅटचं, असे चार-पाच घ्या. अन् गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं!

आमच्या घरचंच सांगतो. आर्वीकडं आमच्या गवळाऊ गाई, बाबांची पावती महिनाभर 3.1 फॅटच्या आसपास. बाबा गाईलेच दोष देत होते, ढेप वाढवली, उधारी वाढली. शेवटी मी तेच दूध नीट ढवळून गर्बरवर तपासून आणलं, 3.8 आलं. केंद्रावर जाऊन पाह्यलं तर गाईचं दूध मशीनच्या म्हशीच्या चॅनलवर (म्हशीच्या दुधासाठीच्या सेटिंगवर) लावत होते. मशीन धुतलेलं होतं, झिरोही बरोबर होता! बाबा तिथं काहीच बोलले नाही, तेच मला जास्त लागलं.

हो, एका ताईनं लिहिलं की शेवटच्या धारा वासराले पाजल्या की फॅट कमी येते. ते खरं आहे ताई, शेवटच्या धारेत फॅट जास्त असते अन् तेच वासरू पिते. तिथं मशीनचा दोष नाही.

अन् लॅक्टोमीटरवाल्यांनो (दुधात तरंगवून घनता पाह्यची नळी वापरणारे), दूध काढल्याबरोबर ते बुडवू नका, त्यात हवा असते, अर्धा-एक तास जाऊ द्या. आपल्याकडं मे महिन्यात दूध तापलेलं असते, लॅक्टोमीटर खाली जाते, अन् चांगल्या दुधावर पाणी टाकल्याचा आळ येते. थर्मामीटर शेजारी ठेवा, तापमानाची दुरुस्ती करूनच रीडिंग लिहा.