लिस्बन : 1 नोव्हेंबर 1755 च्या अलीकडे आणि पलीकडे

(दृश्य : कार्मोचं चर्च, आतून, कॅमेरा वरच्या दिशेला)

मान वर करून बघा. खांब आहेत, टोकदार कमानी आहेत, भिंती आहेत आणि वर छप्परच नाही, थेट आभाळ. हे लिस्बनमधलं कार्मोचं चर्च. नूनो आल्व्हारेस परेरा नावाच्या सेनापतीनं 1389 मध्ये बांधायला घेतलेलं. 1755 सालच्या भूकंपात ते कोसळलं, मग दुरुस्तीला हात घातला, पण 1834 मध्ये पोर्तुगालमध्ये सगळे मठ बंद केले गेले तशी ती दुरुस्तीही अर्ध्यावर राहिली, आणि नंतर लोकांनीच ठरवलं की आता हे असंच राहू दे. आज आत छोटं पुरातत्त्व म्युझियम आहे.

लिस्बनला येणारे बहुतेक जण पिवळी ट्राम बघतात, कस्टर्डचे टार्ट खातात, दोन-चार टेकड्यांवरून फोटो काढतात आणि पुढे बार्सिलोनाला जातात. ते सगळं कराच, छान आहे. पण माझं म्हणणं एवढंच की या शहरात फिरताना एक तारीख डोक्यात ठेवून फिरा, 1 नोव्हेंबर 1755. प्रत्येक इमारतीसमोर उभं राहून विचारायचं, ही त्या दिवसाच्या अलीकडची, म्हणजे आधीची, की पलीकडची, म्हणजे नंतरची? एवढा एक प्रश्न धरून चाललात ना, की पूर्ण लिस्बन उलगडत जातं.

त्या दिवशी शनिवार होता आणि सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या आसपास चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या लागलेल्या, आणि जमीन हलायला लागली. केंद्र लांब नैऋत्येला अटलांटिक समुद्रात होतं, आजच्या अंदाजानं साडेआठ ते नऊ रिश्टरच्या तोडीचा भूकंप, आणि तो काही मिनिटं चालला. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. नदी म्हणजे तेजू, इथं ती इतकी रुंद आहे की खाडीच वाटते. त्या लोकांनी बघितलं की पाणी मागं सरलंय, तळ उघडा पडलाय, आणि थोड्या वेळानं तेच पाणी त्सुनामी होऊन परत आलं. आणि ज्या मेणबत्त्या पडल्या, चुली उलटल्या, त्यांची आग पाच-सहा दिवस शहरभर जळत राहिली. मेलेल्यांचा नक्की आकडा कुणाकडेच नाही, वेगवेगळे अभ्यासक दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगतात.

आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली त्याला तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. म्हणजे लिस्बनवर हे संकट आलं तेव्हा पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला दबदबा आधीच मोडलेला होता.

(दृश्य : प्रासा दो कोमेर्सिओ, नदीच्या बाजूनं)

आता खाली नदीकाठच्या मोठ्या चौकात येऊ. प्रासा दो कोमेर्सिओ. तीन बाजूंना पिवळ्या इमारती, चौथी बाजू नदी, मधोमध घोड्यावर बसलेला राजा जुझे पहिला, हा पुतळा 1775 चा. गावातले लोक मात्र अजूनही या चौकाला तेरैरो दो पासो म्हणतात, राजवाड्याचं पटांगण. राजवाडा कुठंय? तोच तर गेला. इथं रिबैरा राजवाडा होता, त्यात हजारो पुस्तकांचं शाही ग्रंथालय होतं, शेजारी नवंकोरं ऑपेरा हाउस होतं जे त्याच वर्षी वसंतात उघडलेलं, आणि याच राजवाड्याला लागून कासा दा इंडिया होतं. कासा दा इंडिया म्हणजे भारताच्या व्यापाराची कचेरी, मिरी, दालचिनी, कापड, सगळ्याचा हिशोब इथं व्हायचा, जहाजं इथून सुटायची, माणसांच्या नेमणुका इथून व्हायच्या. त्या कचेरीचे कागद त्या एका दिवसात गेले. आपल्या किनाऱ्यावरच्या अडीचशे वर्षांच्या व्यवहाराच्या नोंदी होत्या हो त्यात, मला या चौकात उभं राहिलं की पुतळ्यापेक्षा हेच जास्त टोचतं.

राजा त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला, पण नंतर आयुष्यभर तो दगडी छताखाली झोपायला तयार नव्हता, आजुदाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडी महाल उभारला आणि दरबार तिथंच भरायचा. कारभार हातात घेतला तो मंत्री सेबास्तियाओ जुझे दे कार्व्हाल्हो, पुढं ज्याला मार्केस दे पोंबाल म्हणतात तो. प्रेतं बोटींतून समुद्रात नेली, धान्याचे भाव वाढू दिले नाहीत, लुटारूंसाठी चौकाचौकात फाशीचे खांब उभे केले. माणूस कर्तबगार होता आणि क्रूरही होता, 1759 मध्ये ताव्होरा घराण्यातल्या लोकांना बेलेंला ज्या पद्धतीनं जाहीर मारलं ते वाचवत नाही. गाइड लोक सगळं श्रेय पोंबालला देतात. माझ्या मते खरं श्रेय एका म्हाताऱ्या इंजिनिअरचं आहे, त्याचं नाव मानुएल दा माया.

हा माया तेव्हा जवळपास ऐंशीचा होता. राज्याचा मुख्य इंजिनिअर. भूकंपानंतर थोड्याच आठवड्यांत त्यानं लिहून पर्याय मांडले की जसं होतं तसं परत बांधायचं, का रस्ते रुंद करायचे, का खालचा भाग पूर्ण सपाट करून नव्यानं आखायचा, का शहरच उचलून बेलेंच्या बाजूला न्यायचं. शेवटी ठरलं की सपाट करायचं. आणि युजेनिओ दोस सांतोस, कार्लोस मार्देल या दोघांबरोबर जे उभं राहिलं ते हे समोरचं बाइशा, शहराचा खालचा सपाट भाग.

(दृश्य : रुआ आउगुस्ता, मग आजूबाजूचे सरळ रस्ते)

बघा रस्ते कसे पट्टी लावून ओढल्यासारखे आहेत. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, खोगीर-पट्टे करणाऱ्यांचा, धंद्याप्रमाणे नावं. सगळ्या इमारती एकसारख्या, खिडक्या एका मापाच्या कारण त्या आधीच करून आणून बसवल्या. बऱ्याच जणांना हा भाग कोरडा वाटतो आणि ते पटकन पुढे सरकतात. थांबा जरा. या इमारतींची खरी गंमत भिंतीच्या आत आहे.

इथल्या काही दुकानांत, हॉटेलांत मुद्दाम गिलावा काढून भिंत उघडी ठेवलीय, दिसली तर जवळ जाऊन बघा. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये तिरपे छेद, फुलीच्या आकाराचे, आणि मधल्या त्रिकोणांत दगड-विटा-चुना भरलेला. याला गायोला म्हणतात, पिंजरा. जमीन हलली की दगड ताठ राहून फुटतो, लाकूड वाकतं, सांधे थोडे सरकतात पण घर उभं राहतं, दगड निखळले तरी माणूस बाहेर पडेल एवढा वेळ मिळतो. याचं मॉडेल करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तपासलं असं सांगतात. दोन घरांच्या मधली भिंत छपराच्याही वर काढलीय, का तर एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये. किल्लारीला 1993 मध्ये जाड दगड-मातीच्या भिंतींखाली माणसं गाडली गेली ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही लाकडाची फुली बघून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं उभं कशावर आहे? ओल्या गाळावर. रुआ दोस कोरियैरोसवर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन केलेली जागा आहे, आधी बुकिंग करून गाइडबरोबर जाता येतं. खाली उतरलं की रोमन काळातले मासे खारवायचे हौद दिसतात, आणि त्यांच्याच मधून पाइनच्या लाकडाचे खुंटे खाली ठोकलेले, ओळीनं, जवळजवळ. हाच पोंबालच्या काळातला पाया. हे लाकूड पाण्यात बुडालेलं आहे तोवर कुजत नाही, जमिनीखालचं पाणी उतरलं आणि हवा लागली की धोका. म्हणजे दीडेक हजार वर्षं आधीचा माशांचा कारखाना, त्यातून गेलेला अठराव्या शतकाचा खुंटा आणि वर आज बँक, हे सगळं तळघरातल्या एका खोलीत. लिस्बनमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन, ट्राम नाही.

(दृश्य : सांता लुझिया, निळ्या फरशांचा पॅनल)

आता अलीकडचं, म्हणजे भूकंपाच्या आधीचं लिस्बन. चढ चढून आल्फामात या. 28 नंबरची ट्राम इथून जाते पण गर्दी फार, खिसेकापूही असतात, चालत आलेलं बरं, फक्त चांगल्या तळव्याचे बूट घाला कारण फुटपाथ म्हणजे चुनखडीचे छोटे पॉलिश झालेले दगड, पावसात पाय सटकतोच. आल्फामाची बरीच घरं भूकंपातून वाचली कारण ही टेकडी खडकाची आहे. गल्ल्या अजून अरब काळासारख्या, वळत वळत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं थांबायचं. इथं जूनमध्ये संत अँटनीच्या सणाला दारोदार सार्डिन भाजतात. भाडी मात्र एवढी वाढलीत की पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं घरं सोडून बाहेर चाललीत, पर्यटकांना खोल्या देणं जास्त परवडतं म्हणून. तेव्हा रात्री इथून जाताना आवाज कमी ठेवा, खिडकीच्या आत कुणीतरी सकाळी कामाला जाणारं झोपलेलं असतं.

सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचा एक पॅनल आहे. लोक त्याला पाठ करून नदीचे फोटो काढतात. त्यावर आपण मघाशी उभे होतो तोच चौक आहे, भूकंपाच्या आधीचा, राजवाड्यासकट. पॅनल बघायचा, मग खाली नदीकडे बघायचं.

(दृश्य : बेलें)

15 नंबरच्या ट्रामनं बेलेंला या. हा भाग मोठ्या पडझडीतून वाचला, म्हणून जेरोनिमोसचा मठ आपल्याला जसा सोळाव्या शतकात बांधला तसा बराचसा दिसतो. दगडात दोरखंड, पोवळी, समुद्रातली झाडं कोरलीत, बारीक काम, तासभर कमी पडतो. आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर जवळपास पाच टक्के कर लावून याचा पैसा उभा केला, म्हणजे मलबारची मिरीही यात आहे. दारातून आत गेलं की वास्को दा गामाची कबर. तो 1524 मध्ये कोचीनला वारला, हाडं नंतर इकडं आणली. गाइड त्याला दर्यावीर म्हणेल, आहेच, पण 1502 च्या सफरीत यात्रेकरूंनी भरलेलं जहाज त्यानं माणसांसकट जाळलं होतं, आपण भारतातून आलेली माणसं तिथं उभी राहिली तर हेही आठवायला हवं.

बेलेंच्या बुरुजावर बाहेरच्या बाजूनं एका छोट्या मनोऱ्याच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे, सापडायला वेळ लागतो. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा यानं दिलेला गेंडा गोव्यावरून जहाजात चढवला, 1515 च्या मे महिन्यात तो इथं उतरला, युरोपात कित्येक शतकांनी आलेला पहिला जिवंत गेंडा. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो न बघताच नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून चित्र केलं ते जगभर गेलं. गेंडा बिचारा पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना जहाज फुटून बुडाला.

आता परत मायाकडे. हा माणूस इंजिनिअर तर होताच, आग्वास लिव्ह्रेस नावाचा जो प्रचंड जलसेतू आहे, ज्याची सगळ्यात उंच कमान 65 मीटर आहे आणि जो भूकंपात उभा राहिला, त्याच्या कामातही तो होता. पण याशिवाय तो राज्याच्या दप्तरखान्याचा मुख्य होता. दप्तरखाना किल्ल्याच्या एका बुरुजात होता, तोर्रे दो तोम्बो. बुरूज कोसळला. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा माणसं लावून ढिगाऱ्यातून कागद काढत राहिला, किल्ल्याच्याच मैदानात लाकडी शेड मारून त्यात ठेवले, मग 1757 मध्ये साओ बेंतोच्या मठात हलवले. कासा दा इंडियाचे कागद गेले, हे राहिले.

(दृश्य : तोर्रे दो तोम्बोची आजची इमारत)

आज हा दप्तरखाना विद्यापीठाच्या भागात आहे, मेट्रोनं सिदादे युनिव्हर्सितारिया स्टेशनला उतरायचं. 1990 पासून या नव्या इमारतीत. पर्यटक इथं जवळजवळ येत नाहीत. 1756 मध्ये पोंबालनं गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली पाठवली होती की धक्का किती वेळ होता, समुद्र चढला का उतरला, किती माणसं गेली, त्यातली काही उत्तरं इथं आहेत. आणि पावसाळी वाऱ्याच्या हिशोबानं गोवा-लिस्बन ये-जा करणाऱ्या जहाजांतून जो पत्रव्यवहार व्हायचा, त्या मान्सूनच्या दप्तरांचा एक भाग इथं आहे आणि दुसरा पणजीत. पणजीच्या दप्तरांवर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं म्हणून मराठे-पोर्तुगीज संबंधांबद्दल आपल्याला एवढं कळलं. वसई, चौल, रेवदंडा यांच्या इतिहासाचा ज्यांना नाद आहे त्यांनी बेलेंचा एखादा अर्धा दिवस कमी करावा आणि इकडं यावं, कॅटलॉग ऑनलाइन बघता येतो, बरेच कागद स्कॅन केलेलेही आहेत, तेव्हा काय मागवायचं ते घरूनच ठरवून या, सोबत पासपोर्ट ठेवा.