फोटोआधी दिसणारं हाड

श्रोतेहो, नमस्कार.

उसाचा हंगाम सुरू झाला की मिरजेत माझ्याकडे नडगी मोडलेले पेशंट वाढतात. कुणी भरलेल्या ट्रॉलीवरून पडलेला असतो, कुणाची दुचाकी अंधारात ट्रॉलीवर आदळलेली असते. महिन्याभरानं जतकडून जीप करून येतात, फोटो काढतात. आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. मग विचारतात, "डॉक्टर, जुळलं का हाड?" फोटोत फट तशीच असते. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर असलेलं घर माझ्या तोंडाकडे बघत राहतं. मला तो क्षण फार जड जातो, कारण बऱ्याचदा आत काम सुरू झालेलं असतं, फोटोला ते दिसत नसतं एवढंच.

असं का होतं? हाड मोडलं की आधी तिथं रक्त साकळतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. त्यात कॅल्शियम भरत गेलं की तो टणक होतो. एक्स-रेला दिसतं ते कॅल्शियम. मऊ जोड त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून मोठ्या माणसाच्या नडगीत नवं हाड फोटोवर नीट दिसायला दीड-दोन महिनेही जातात.

इथं सोनोग्राफी कामाला येते. होय, तीच, पोटाची आणि गरोदरपणातली. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तडा असला तर आवाज बद्द येतो. जुने डॉक्टरही असंच करत. ओटीपोटाखालच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर आळीपाळीनं टकटक करायची. खुबा मोडलेल्या बाजूचा आवाज दबका येतो. सोनोग्राफीतही आवाजच आहे, पण सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपनं असलेला. माणसाचा कान वीस हजारांवर थकतो.

हा आवाज मांसातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो आणि हाडाच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. पडद्यावर हाड म्हणजे एक लख्ख पांढरी रेघ, तिच्यामागे काळोख. मोडलेल्या जागी ती रेघ तुटलेली दिसते. ऑपरेशन करून नडगीत आधाराचा रॉड टाकलेला असेल तर त्या फटीतून धातूची चमकही दिसते. मग आठवड्यागणिक चित्र पालटतं. काळसर फटीत करडे ठिपके येतात, ते दाट होतात, रॉडची चमक झाकली जाते आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी कमान उभी राहते. रॉड टाकलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत हा बदल एक्स-रेच्या काही आठवडे आधी टिपला गेला आहे. मला स्वतःला ती कमान बघताना दरवेळी नव्यानं आनंद होतो.

सोनोग्राफीतच कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावली तर जोडाभोवतीचा रक्तपुरवठाही दिसतो. तो आठवडे उलटूनही क्षीण असेल तर मी सावध होतो आणि पहिला प्रश्न विडी-तंबाखूचा विचारतो. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. हाड जुळेपर्यंत तरी विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळं बंद ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सोनोग्राफीच्या मर्यादाही सांगतो. आवाज हाडाच्या आत शिरत नाही, त्यामुळे एक्स-रे लागतोच. मांडीचं हाड खोल असल्यानं तिथं चित्र तितकं स्पष्ट येत नाही. प्लास्टरमधून काहीच दिसत नाही, त्याला खिडकी कापावी लागते किंवा ते काढावं लागतं. आणि तपासणाऱ्याचा हात सरावलेला हवा. पण किरणांचा संबंध नसल्यानं लहान मुलांत आणि गरोदर बाईतही पुन्हा पुन्हा बघता येतं.

एक गल्लत मात्र करू नका. ध्वनिलहरींनी हाड लवकर जुळवतो म्हणून विकली जाणारी यंत्रं वेगळी. नडगी मोडलेल्या ५०१ रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही, निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी कर्ज काढू नका.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, "फोटोत दिसत नसेल तर सोनोग्राफीत बघता येईल का?" आणि त्यांनी सांगेपर्यंत मोडलेल्या पायावर भार टाकू नका. फडातलं काम कितीही खोळंबलेलं असलं तरी.

नमस्कार.