सहावा लेख

नमस्कार श्रोतेहो.

वर्तमानपत्रात किंवा मासिकात स्वतःचं सदर असावं असं मनापासून वाटणारी माणसं मला कायम भेटतात. मी काही वर्षं पुरवणीचं काम पाहिलं, नंतर स्वतः सदर लिहिलं, म्हणून ती विचारायला येतात. येताना एक लेख बरोबर आणतात. वर्षानुवर्षं मनात साठलेलं सगळं त्यात उतरलेलं असतं आणि बऱ्याचदा तो लेख खरंच चांगला असतो. मी तो वाचते, बाजूला ठेवते आणि विचारते, पुढच्या आठवड्यात काय लिहाल? आणि त्याच्या पुढच्या?

इथे बहुतेक जण थबकतात.

सदराची खरी परीक्षा सहाव्या लेखाला होते, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. पहिले तीन लेख आपल्या साठ्यातले असतात. चौथा नुकत्याच वाचलेल्या कशावर तरी निघतो. पाचवा कुणाचा तरी राग आला म्हणून लिहिला जातो. सहाव्याला कोठार रिकामं झालेलं असतं, गुरुवार उजाडलेला असतो, आणि पान तुमच्यासाठी थांबणार नसतं. तिथे माणूस पहिल्यांदा स्वतःच्या बाहेर बघायला लागतो. कुणाला तरी फोन करतो, जाऊन विचारतो, एखादा अहवाल मुळातून वाचतो. बघा, बहुतेक सदरं तिथून पुढे वाचनीय होतात.

ही नेमाची गोष्ट जुनी आहे. १८४८ साली ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकरी सांभाळणारे. त्यांची १०८ पत्रं झाली. त्याच्याही शतकभर आधी, १७५० ते १७५२ या काळात, लंडनला इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध छापत होते. असे २०८ अंक निघाले, आणि मोजके सोडले तर सगळे त्यांनी एकट्याने लिहिले. आणि एलिनॉर रूझवेल्ट! १९३५ ते १९६२ त्यांचं सदर चाललं, त्यातली बहुतेक वर्षं आठवड्यातून सहा दिवस. १९४५ साली त्यांचे पती, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले, तेव्हा चार दिवसांचा खंड पडला. पाचव्या दिवशी त्या पुन्हा लिहायला बसल्या. ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

आता, लिहायचं कशावर? माझं ऐकाल तर ‘सगळ्यावर’ लिहायला जाऊ नका. चालू घडामोडींवर मत देणारे खूप आहेत. तुम्ही रोज जे काम करता, ते आतून माहीत असलेले फार थोडे. समजा, अतिदक्षता विभागात काम करणारी एक परिचारिका सदर लिहायला बसली आहे. तिचं पहिलं वाक्य असं येतं: ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात आरोग्याचा प्रश्न दिवसेंदिवस गंभीर होत चालला आहे.’ हे वाक्य कुणीही लिहू शकतं, ते कुणाचंच नाही. मी तिला म्हणेन, हे खोडा आणि काल रात्रीचं सांगा. मग ती लिहिते: ‘पहाटे पावणेतीनला बाकड्यावरचे आजोबा उठून दाराशी आले. काही विचारलं नाही, फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.’ आता मला पुढे वाचायचंय. रुग्णाच्या नातेवाइकांशी कसं बोलावं, किती खरं सांगावं, हे सगळं या दोन वाक्यांच्या मागोमाग आणता येतं. मात्र ओळख पटेल असे तपशील काढूनच. आपल्या लेखापायी कुणाचं खासगी दुःख चव्हाट्यावर येता कामा नये.

संपादकाकडे जाण्याआधी सहा लेख लिहून ठेवा. सगळे पाठवायचे नाहीत. उत्तम दोन पाठवा, आणखी दहा विषयांची यादी जोडा, आणि सदर कशाबद्दल आहे, ते तुम्हीच का लिहावं, हे चार-पाच ओळींत सांगा. त्याआधी त्या दैनिकाचे निदान महिनाभराचे अंक नीट वाचा. तिथे आधीच जे चाललंय तेच घेऊन गेलात, तर नकार ठरलेला. बरीच दैनिकं नव्या वर्षात सदरं बदलतात आणि त्याची जुळवाजुळव आधीच्या दोन-तीन महिन्यांत चालते. तेव्हा वेळही बघा.

शब्दमर्यादेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवे लेखक इथे सर्वांत जास्त दुखावतात. आठशे शब्द सांगितले की आठशे. पान लावताना ऐनवेळी जाहिरात येते आणि मजकूर कापावा लागतो. बातमीची रचनाच अशी असते की महत्त्वाचं वर आणि बाकीचं खाली. त्यामुळे घाईत कात्री खालून चालते. सदराचं उलट असतं. त्याचा जीव बऱ्याचदा शेवटच्या परिच्छेदात असतो आणि नेमका तोच उडतो. म्हणून मी लेखात काढला तरी चालेल असा एक परिच्छेद ठेवायचे आणि वर उपसंपादकांसाठी ओळ लिहायचे: ‘कापायचं झाल्यास शेवटून तिसरा काढावा.’ त्यानंतर माझा शेवट कधी कापला गेला नाही.

पैशाचं स्पष्ट बोलते. सदराच्या मानधनावर घर चालतं असे लेखक फार थोडे. नोकरी, व्यवसाय सोडू नका, तुमचा विषय तिथूनच तर येतो. मानधन किती, पुढे पुस्तक करायचं झालं तर हक्क कुणाकडे, हे सुरुवातीलाच विचारा आणि लेखी घ्या. विचारण्यात संकोच नको.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. एका लेखात मी एका थोर माणसाच्या नावावर फिरणारं वाक्य वापरलं. सुंदर वाक्य होतं, लेखात चपखल बसत होतं, म्हणून मूळ शोधलंच नाही. आठवड्याने एका वाचकाचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. हे वाक्य त्यांच्या कुठल्या ग्रंथात आहे, मला मूळ वाचायचंय, एवढंच विचारलं होतं. मी दोन दिवस शोधलं. ते कुठेच नव्हतं. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून ग्रंथ हुडकायची तयारी केली होती, याची फार टोचणी लागली. पुढचा लेख मी त्या चुकीच्या कबुलीने सुरू केला. तेव्हापासून मूळ ठिकाण सापडलं नाही तर वाक्य कितीही गोड असो, मी घेत नाही.

आज जेवणं उरकली की एक कोरा कागद घ्या आणि एकाखाली एक दहा आकडे घाला. प्रत्येकापुढे सदराचा एकेक विषय लिहा, मोघम नको, एका वाक्यात पुरता. पाचपर्यंत हात भराभर चालेल. सहाव्याला पेन थांबेल. तो आकडा तसाच मोकळा ठेवून झोपा आणि उद्या कामावर जाताना कागद खिशात असू द्या.

नमस्कार.