रंग नंतर बघू

[स्क्रू ड्रायव्हर, ड्रायव्हर सीटच्या खालचा पत्रा, अगदी जवळून]

आवाज ऐका जरा. टक. टक. टक. आणि आता हा. फस्स.

टक म्हणजे पत्रा, फस्स म्हणजे गंज. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला आणि भोकातून खालची शहाबादी फरशी दिसायला लागली. काकांनी दुसरीकडं टोचलं, तिथंही तेच. वरनं बघितलं तर फ्लोअर एकदम ठीक होता, काळा रंग मारलेला, त्यावर रबरी मॅट. त्या काळ्या रंगानंच घात केला, कारण डांबरी कोटिंग गंजावर मारलं की गंज थांबत नाही, तो फक्त दिसायचा थांबतो.

[गाडी बाहेरून, पूर्ण]

ही आमची पद्मिनी. 1983 ची. मरून रंग काकांनी दिलेला नाही, तो आधीच्या मालकाचा, मूळ रंग कोणता ते थोड्या वेळात दिसेलच.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. आपल्याकडं ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. वालचंद हिराचंदांनी 1944 ला काढलेली कंपनी, म्हणजे माणूस आपल्या सोलापूरचा. आधी ती फियाट डिलाइट होती, मग प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला रजिस्टर झालेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरनं गेली. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटस ठेवले. काकांनी नाही ठेवला. ते गाडीखाली झोपले होते, ते फुटेज आहे माझ्याकडं, पाय तेवढे दिसतात.

एक गोष्ट इथंच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी म्हणजेच सांगाडा. दाराखालची जी लांब पेटी असते, गॅरेजवाले कोण पायदान म्हणतात, कोण सिल म्हणतात, ती नुसती शोभेची पट्टी नाही, गाडीचा भार तिच्यावर असतो. ती सडली की गाडी मधनं वाकते, दारं बसत नाहीत. म्हणजे दार उघडताना वर उचलून उघडावं लागतंय, तर बिजागरीला तेल घालून उपयोग नाही, खाली बघा.

[2019 चा फोनवरचा व्हिडिओ, पाणी]

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 ची. आमच्या गल्लीत पाणी काही दिवस राहिलं. गाडी हलवायला वेळ मिळाला नाही. इथं टप दिसतोय फक्त, आणि टपावर शेजारच्यांचं मांजर.

पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, सीटा वाळवल्या, इंजिन खोललं, चालू पण झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्र्याच्या आत कुणी बघितलं नाही.

[ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, बोनेटच्या कडेला]

रंग काढायचं काम. मोठ्या सपाट भागावर काकांनी रंग काढायचं केमिकल लावलं, ते ब्रशनं पसरायचं, वर प्लॅस्टिक टाकायचं आणि अर्ध्या तासानं पटाशीनं खरवडायचं, रंग सायीसारखा गोळा होऊन येतो. हातमोजे घालूनच, कातडीवर एक थेंब पडला तरी नाचायला लावतं. कडांना आणि कोपऱ्याला तारेचा ब्रश. ग्राइंडर एका जागी दाबून धरायचा नाही, पत्रा तापतो आणि तापला की लाटा येतात, मग त्या लाटा काढता काढता महिना जातो.

हे बघा इथं. पॉलिश पेपरनं गोल घासत गेलं की एकेक थर बाहेर येतो. मरून. त्याच्या खाली परत मरून, जरा वेगळा. मग पांढरा. मग करडा प्रायमर. मग पत्रा. पांढरा हाच मूळ रंग. काका म्हणाले, "बघ, लग्नात पांढरीच होती की." कुणाच्या लग्नात ते विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात मागच्या चाकाच्या वर ग्राइंडरखाली पत्र्याऐवजी गुलाबी काहीतरी निघायला लागलं.

लांबी. पुट्टी म्हणा. बोटभर जाड.

लोहचुंबक घेऊन गेलो तर जिथं पत्रा तिथं चिकटतंय आणि इथं येऊन खाली पडतंय. गाडी विकत घेणाऱ्यांनी खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवावं, दुसरं काही कळलं नाही तरी चालेल.

[छिन्नीनं पुट्टी काढताना, सलग]

हा शॉट मी कापला नाही, बघाच. पुट्टीचा तुकडा निघाला, त्याच्या मागं पत्रा नाही, भोक. आणि भोकात कोंबलेला कागद. वर्तमानपत्र. कुणीतरी कधीतरी भोकात पेपरचा बोळा घातला, वरनं पुट्टी थापली, घासली, रंग मारला आणि पैसे घेतले. कोण ते आम्हाला माहीत आहे, इथं सांगत नाही. कागद उलगडला तर अक्षरं वाचता येतात, "गोरी, उंच, पदवीधर" एवढं शाबूत राहिलंय.

पुट्टी वाईट नाही, हे काका चार वेळा बोलले म्हणून सांगते. पुट्टी ही केसाएवढा खड्डा भरायची गोष्ट आहे. तिच्यात टाल्कची पावडर असते, ती पाणी पिते. भोकावर लावली तर मागच्या बाजूनं पाणी पिते, पत्रा ओला ठेवते आणि गंज वाढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, म्हणून एक दिवस रंगाला फोड येतो. लोक तो फोड घासून परत पुट्टी लावतात. फोड म्हणजे आजार बाहेर आला, सुरू झाला आतनं.

[सिल कापताना, ठिणग्या]

आता खरं काम. कापायच्या आधी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, नीट लेव्हलमध्ये घेतली, आतनं पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत लोखंडी अँगल टाके मारून जोडला. दारं काढली नाहीत. सगळे व्हिडिओवाले दारं काढतात, दिसायला छान दिसतं, पण दार जागेवर असलं की फट सारखी आहे का ते रोज बघता येतं. काकांनी फटीत पाच रुपयाचं नाणं घालून बघायचं ठरवलं होतं, वर, मधे, खाली.

चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, हा एकच नियम. दोन इंच वाचवायला गेलं की वेल्डिंग सडक्या पत्र्यावर होतं, तिथं तो वितळून गळून जातो आणि भोक मोठं होतं.

आणि हे निघालं.

[सिलच्या आतली माती, जवळून]

पुराची माती. पेटीच्या आत तळापासून चार बोटं. वाळून घट्ट झालेली, आणि कडेनं बघा, थर दिसतात, बारीक बारीक, पाणी हळूहळू ओसरताना जसा गाळ बसत गेला तसे. सिलला खाली पाणी निघून जायला भोकं असतात, ती या गाळानं बुजली. म्हणजे 2019 पासून दर पावसाळ्यात जे पाणी आत गेलं ते तिथंच राहिलं. काकूंनी हातात ढेकूळ घेतलं, बघितलं, आणि तुळशीच्या कुंडीत टाकलं.

[पुठ्ठा, कात्री, पत्रा]

पॅच आधी पुठ्ठ्याचा करायचा. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, भोकावर धरायचा, पेन्सिलीनं कडा काढायची, घडी पाडायची तिथं रेघ. पुठ्ठा बसला की मग पत्रा. 20 गेजचा सीआर, म्हणजे बिनजस्ताचा साधा पत्रा घेतला, मूळच्या जाडीच्या जवळ जाणारा. पन्हाळीचा जीआय नको, त्याच्यावर जस्त असतं आणि वेल्डिंग करताना जस्ताचा धूर अंगात गेला की रात्री थंडीताप. पत्रा दोन अँगलमध्ये शिकंज्यानं आवळला आणि लाकडी हातोड्यानं हळूहळू वाकवला. काका साखर कारखान्यात फिटर होते, त्यांचा हात बघा, एका ठिकाणी दोनदा मारत नाहीत.

वेल्डिंग माझ्या चुलत भावाचं, दादाचं. तो कुपवाड एमआयडीसीत हेच करतो. मिग मशीन, म्हणजे वायर आपोआप पुढं सरकवणारं विजेचं वेल्डिंग, 0.8 मिलिमीटरची वायर. पूर्वी गॅस वेल्डिंग असायचं, त्यानं एवढा पत्रा तापायचा की पापडासारखा वाकायचा. मिगनं सुद्धा सलग ओढायचं नाही. एक टाका इथं, पुढचा तिकडं टोकाला, मग मधे, परत इकडं, हात लावता येईल एवढं गार होऊ द्यायचं. ओलं फडकं लावून गार करायचं नाही. एक फूट वेल्डिंगला अख्खी दुपार गेली. हा भाग फास्ट केलाय, खरं तर त्या दुपारी काकूंनी तीनदा चहा दिला आणि चौथ्यांदा स्वतःच येऊन बसल्या.

मधे सीटच्या फोमनं एकदा पेट घेतला, त्याचं शूट नाही. विझला. वेल्डिंगच्या आधी सीटा, मॅट, खालचा नमदा, सगळं बाहेर काढा आणि पेट्रोलची टाकी पण काढा.

[प्लॅस्टिकचं टप, बुडबुडे]

हे माझं आवडतं. बिजागऱ्या, हेडलाइटच्या रिंगा, बॅटरीचा ट्रे, असल्या बारीक वाकड्या वस्तू घासून साफ होत नाहीत. टपात पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. वस्तू बॅटरी चार्जरच्या मायनसला, प्लसला जुनी लोखंडी सळई. दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नये. चार्जर चालू केला की असे बुडबुडे, पाणी आधी पिवळं, मग चहासारखं, वर तांबडा फेस. रात्रभर ठेवलं. सकाळी गंज काळा मऊ झालेला, घासणीनं निघतो, आणि चांगल्या लोखंडाला धक्का नाही. सळईच्या जागी स्टीलचा चमचा कुणी लावू नका, स्टीलमधनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे, त्यामुळं अंगणातच, आणि काका बिडी गेटाबाहेर जाऊन ओढत होते.

[उघडा पत्रा, सकाळचा उजेड]

हा शॉट ठरवून घेतलेला नाही. संध्याकाळी अख्खं मडगार्ड घासून पांढरंशुभ्र केलेलं, प्रायमर उद्या मारू म्हणून सोडलं. हवा पावसाळी. सकाळी कापड काढलं तर मडगार्डवर हा पंजा. पाच बोटं, तळवा, अंगठ्यावरच्या रेषासुद्धा, सगळं तांबड्या रंगात. आदल्या दिवशी काका टेकून उठले असणार, घामातलं मीठ पत्र्याला लागलं आणि एका रात्रीत गंज चढला.

काका बराच वेळ बघत राहिले.

मग थिनरच्या फडक्यानं पुसलं, परत घासलं, आणि त्या दिवसापासून नियम झाला की जेवढं मारून होईल तेवढंच घासायचं, आणि घासलेलं त्याच दिवशी झाकायचं.

उघड्या पत्र्यावर पहिला थर इपॉक्सी प्रायमरचा. बाजारात साधा प्रायमर स्वस्त मिळतो, पण तो सच्छिद्र असतो, त्याच्यावर गाडी पावसात उभी केली की पाणी आत जातं. इपॉक्सीचे दोन डबे, एक प्रायमर, एक हार्डनर, मिसळून मारलं की पाणी आत जायचं बंद. ज्या खाचखळग्यात ब्रश पोचत नव्हता तिथं आधी फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध लावलं, गंज काळा पडतो, पण ते नीट धुऊन पुसून वाळवलं नाही तर वरचा इपॉक्सी धरत नाही. ॲसिडवर घाई केली की सगळी मेहनत सोलून निघते, एका दारावर निघाली पण.

स्प्रे करताना काकांनी पहिले दोन दिवस तोंडाला पंचा बांधला होता. दोन आठवडे खोकले. आता बरे आहेत, आता फिल्टरवाला मास्क आहे.

[पुट्टी कालवताना, काचेच्या तुकड्यावर]

पुट्टी इपॉक्सीच्या वर, पत्र्यावर नाही. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास हार्डनर, उन्हाळ्यात त्याहून कमी. जास्त घातलं तर लवकर वाळतं खरं पण पुढं रंगातनं डाग वर येतो. आपल्याकडं सगळे पुट्टी ओल्या पेपरनं घासतात, पाण्याचा डबा शेजारी घेऊन. पुट्टी पाणी पिते हे आत्ताच सांगितलं ना? कोरडीच घासा. धूळ होते, होऊ दे. 80 चा पेपर, मग 120, मग 180, आणि पेपर हातात नाही, लाकडी ठोकळ्याला. बोटांनी घासलं तर बोटांच्या आकाराचे खड्डे पडतात आणि रंग लागल्यावर ते उन्हात बरोबर दिसतात. सरफेसर, म्हणजे पुट्टीच्या वरचा जाड करडा प्रायमर, मारल्यावर मग 400 आणि 600 चा ओला पेपर चालतो.

खर्च किती झाला, सगळे विचारतात. ती वही काकूंकडं आहे, शूटिंगला मिळाली नाही.

[करडी गाडी, वर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा]

करडी गाडी आणि तिच्यावर काळं धुकं मारल्यासारखं. याला गाइड कोट म्हणतात. स्प्रेचा साधा काळा डबा, लांबनं फवारायचा. मग लांब ठोकळ्यानं तिरकं घासायचं, एकदा असं, एकदा तसं. उंच भागावरचा काळा लगेच जातो, खड्ड्यातला राहतो. म्हणजे गाडीच सांगते कुठं काय बाकी आहे.

गल्लीतले लोक येतात, गेटावरनं विचारतात कलर कुठला देणार. पांढरा का परत मरून. काका म्हणतात बघू.

डाव्या दाराच्या खाली नाण्याएवढा काळा ठिपका राहिलाय. मला वाटलं झालं, कॅमेरा बंद करायला घेतला. काकांनी डोळे मिटले, तळव्याखाली मऊ फडकं धरलं आणि दारावरनं हात सरकवत नेला, पुढनं मागं, सावकाश. ठिपक्याच्या अलीकडं हात थांबला. जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं.

"इथं अजून आहे गं," म्हणाले. "ठोकळा दे."